दिग्याची तपकिरी बास

बहिऱ्याच्या गळ्यात बास गिटार मीच अडकवली. गंमत म्हणून.

तो बहिरा काल गेला. दिगंबर, आमचा दिग्या.

पूर्णा जंक्शनच्या लोको शेडमध्ये बॉयलरवर हातोडा मारून मारून तिशीच्या आत त्याचे कान गेले. डाव्यात थोडं उरलं होतं, तेही बोंबलून बोललं तर.

विद्यापीठाच्या नामांतराच्या आधीची वर्षं. वाफेची इंजिनं चालू होती अजून. मी बुकिंगला क्लार्क, आमच्या रेल्वे कॉलनीच्या बँडमधली लीड गिटार माझी, गाणारा मीच. माज तर विचारू नका.

कॉलनीच्या हॉलमध्ये कुणीतरी जुना गार्ड रॉक अँड रोलच्या रेकॉर्डी सोडून गेला होता. त्या ऐकून ऐकून आम्ही शिकलो. बासला मात्र कुणी तयार होईना. मागं उभं राहायचं आणि टाळ्या पुढच्याला.

मी म्हणालो, "दिग्याला घ्या. त्याला कुठं ऐकू यायलंय, कुरकुर तर करणार न्हाई."

सगळे खो खो हसले.

दिग्याला वाटलं, आपल्याला खरंच बोलावलं. रेकॉर्ड प्लेअरच्या लाकडी पेटीला दात लावून बसायचा गडी. हाडातून ऐकायचा. एकेक गाणं पाठ केलं त्यानं.

मग बास घ्यायला आम्ही दोघं पासवर सिकंदराबादला गेलो. जुन्या वाद्यांचं दुकान. परवडतील अशा तीनच बास होत्या. एक लाल, चकाचक. एक काळी. एक तपकिरी, पॉलिश उडालेली.

"लाल घे," मी त्याच्या डाव्या कानात ओरडलो. "स्टेजवर उठून दिसंल."

त्यानं लक्षच दिलं नाही. एकेक उचलली, एक डोळा मिटून गिटारची मान सरळ आहे का बघितली. मग गिटारच्या डोक्याला दात लावले आणि तार ओढली.

दुकानदार मला म्हणाला, "मियाँ, दोस्त खरीदने आया के खाने?"

मी ओळख नसल्यासारखा दारात जाऊन उभा राहिलो.

दिग्या आतून म्हणाला, "लाल डब्यागत वाजायलीय. काळी लय वेळ गुरगुरायलीय, थांबतच न्हाई. ही तपकिरी बघ. ठोका पडला की लगेच इझतो. जुन्या गाण्याला ह्योच लागतो. आन् तिघींत स्वस्तबी हीच."

बरोबर होता च्यायला. पहिल्याच प्रॅक्टिसला कळलं. आमचा पळत सुटणारा ड्रमर पहिल्यांदा ताळ्यावर आला.

दारात उभा राहून ऐकणारे एक रिटायर ड्रायव्हर मला म्हणाले, "गाणं त्या बहिऱ्याच्या हातात हाय. तू नुस्ता वरडायलास."

ते मला झोंबलं. खोटं कशाला बोलू.

गॅदरिंगला अख्खी कॉलनी आली. दिग्याचं नवीनच लग्न झालेलं. बायको पालमहून एसटीनं खास आलेली, पहिल्या रांगेत. दिग्यानं नेहमीसारख्या चपला काढल्या आणि अनवाणी उभा राहिला.

मी ओरडलो, "देवळात आलास का रे?"

तो हसला.

पहिलं गाणं झालं. टाळ्या पडल्या. लोक त्याच्याकडं बघायला लागले.

मी मागं गेलो आणि त्याच्या अँपची, बासचा आवाज काढणाऱ्या पेटीची, वायर काढली. ड्रमरला डोळा मारला.

पुढची सगळी गाणी दिग्या तसाच वाजवत राहिला. डोळे मिटून, घामाघूम. आवाज शून्य. आम्हाला हसू आवरेना. बायको त्याच्याकडंच बघून टाळ्या वाजवत होती.

उतरल्यावर त्यानं विचारलं, "कसं वाजलं रे माझं?"

"एक नंबर!"

तेव्हापासून तो प्रत्येक भेटीत हेच विचारायचा. लग्नात, बाजारात, त्याच्या रिटायरमेंटला. "त्या दिवशी कसं वाजलं होतं रे माझं?"

मी म्हणायचो, "एक नंबर!" आणि तो वळला की लोकांना किस्सा सांगायचो. येड्याला अजून पत्ता नाही म्हणून. माझा सगळ्यात हिट किस्सा होता तो.

मागच्या महिन्यात दवाखान्यात भेटलो. नळ्या लावलेल्या. तरी विचारलंच. मी कानात ओरडलो, "एक नंबर!"

त्यानं तोंड भिंतीकडं फिरवलं. मी खाली येऊन चहाच्या टपरीवर तोच किस्सा सांगितला. लय हशा झाला.

आज मातीहून आल्यावर त्याच्या पोरीनं, शीतलनं, ती तपकिरी बास दाखवली. घरात अँप कधीच नव्हता. दात लावून वाजवायचा म्हणे, रोज.

मग म्हणाली, "काका, गॅदरिंगला वायर तुमीच काढली होती ना?"

मी उठून चपला शोधायला लागलो.

"पप्पा अनवाणी का उभे राहायचे? स्टेजच्या फळीतून कळायचं त्याह्यला. ड्रम तळपायाला लागायलाय, आन् माझंच काय लागंना, म्हणायचे. डोळे उघडून मागं बघितलं तर वायर खाली, आन् तुमी हसायलात."

"मग थांबला का न्हाई?"

"मम्मी समोर बसली होती ना."

"अन् मला दरवेळी इचारायचा कशाला?"

"तुमी सांगताल म्हणून."

श्रद्धांजली लिहायला मला तोंड नाही.

दिग्या, निघालाच आहेस तर उत्तर घेऊन जा.

वाजलंच नव्हतं. वायर मी काढली होती.