नाण्याची कातडी

"हे जाईल."

काका नाणं दोन बोटांत फक्त काठाने धरायचे, खिडकीकडे तोंड करून जरासं तिरपं करायचे आणि एवढंच म्हणायचे. फार क्वचित म्हणायचे, "हे ऱ्हाईल." या दोन निकालांच्या मधलं त्यांच्याकडे काही नसायचं.

नागापूरला आमच्या भाड्याच्या खोल्यांच्या ओळीत ते माझ्या शेजारी राहत. एमआयडीसीतल्या एका कारखान्यात बफिंगच्या चाकावर त्यांचं काम. नळ, कड्या, दाराच्या मुठी फिरत्या चाकावर धरून चकचकीत करायच्या. घरी येत तेव्हा भुवयांवर राखाडी धूळ असायची. आधी खोकला ऐकू यायचा, मग चपला. तुमच्याही गल्लीत असा एखादा माणूस असेल, ज्याची चाहूल खोकल्यावरून लागते आणि ज्याला त्याबद्दल कुणी विचारत नाही. आम्हीही विचारलं नाही.

मी पाथर्डीकडच्या एका गावची. आई-वडील दरवर्षी ऊसतोडीला जातात. आमच्या घरात कॉलेजचं तोंड पाहणारी मीच पहिली, त्यामुळे तिथे काय चालतं आणि काय चालत नाही हे सांगणारं कुणी नव्हतं. मॅडमनी जुन्या नाण्यांवर प्रकल्प दिला, तेव्हा मी गावात दारोदार मागून पिशवीभर नाणी जमवली. जितकी नाणी जास्त तितके गुण जास्त, असं मला वाटलं होतं. शेजारच्या काकांना नाण्यांचा नाद आहे हे ऐकून होते. बिचकत बिचकत ती पिशवी घेऊन त्यांच्या दारात उभी राहिले.

त्यांनी पिशवी वर्तमानपत्रावर ओतली आणि एकेक नाणं खिडकीशी नेलं. जाईल. जाईल. हेही जाईल. शेवटी तांब्याचा एकच काळपट तुकडा बाजूला राहिला.

"एवढंच?" मी म्हणाले.

"पोरी, पिशवी भरून तर भंगारवाल्याकडं बी असतंय."

तो तुकडा म्हणजे शिवराई, शिवकाळापासून चालत आलेलं तांब्याचं नाणं. जुन्या काळी ठसा मोठा आणि नाणं लहान असायचं, म्हणून अक्षरं काठाबाहेर सांडायची. कुठे 'श्री' उमटलेला असतो तर 'शिव' नसतो. सगळी अक्षरं पूर्ण असलेली आणि कुणी न घासलेली अशी एक तरी शिवराई आपल्याकडे असावी, एवढीच काकांची इच्छा होती.

"न घासलेली का?"

"नाण्याला कातडी असती. ती धरायला दोन-तीनशे वर्सं लागत्यात. काढायला चिंचंचं एक बुटुक पुरतं." मग माझ्या पिशवीतल्या गुळगुळीत चकत्यांकडे बोट करून म्हणाले, "ही समदी देव्हाऱ्यातली. सनाला देवासंगं घासून घासून सोलून काढल्याली."

आमच्या देव्हाऱ्यातली शिवराई लहानपणी मीच घासत असे. लाल चमकली की आई शाबासकी द्यायची.

"पण काका, तुम्ही तर दिवसभर घासताच की."

"म्हनून तर घरी न्हाई घासत." ते हसायला लागले आणि हसण्याचा खोकला झाला. तो बराच वेळ थांबला नाही. काकूंनी आतून पाण्याचा तांब्या आणून ठेवला. तोंडाला लावलेला रुमाल काकांनी न उघडता खिशात ठेवला.

पुढची दोन वर्षं मी त्यांचा संग्रह आटताना पाहिला. आधी पत्र्याची पेटी होती, मग बिस्किटांचा डबा झाला. चार साधी देऊन एक चांगलं घ्यायचं, मग चार चांगली देऊन एक त्याहून चांगलं. काकू म्हणायच्या, "लोकाची इस्टेट वाढती, आमच्या ह्यांची गळती." आम्ही हसायचो. त्याच काळात काकांचा सदराही खांद्यावरून सैल लोंबू लागला होता, हे मला दिसत होतं. मी ते दोन्ही एकत्र पाहिलं नाही.

एका रविवारी ते तो डबा घेऊन एसटीने कोल्हारला गेले. तिथल्या एकाला प्रवरेच्या वाळूत काही नाणी सापडली होती. संध्याकाळी परतले ते मोकळ्या हातांनी.

"डबा कुठंय?" काकूंनी विचारलं.

काकांनी वरच्या खिशावर हात ठेवला. आत रुईच्या कापसात एकच शिवराई होती. गडद तपकिरी, काठाला हिरवट झाक, आणि दोन्ही बाजूंची सगळी अक्षरं जागच्या जागी. ते खिडकीशी गेले आणि ती तिरपी करून पाहत राहिले.

"ऱ्हाईल का?" मीच विचारलं.

"हे ऱ्हाईल. आपन ऱ्हानार न्हाई."

म्हाताऱ्या माणसांचं बोलणं म्हणून मी ते सोडून दिलं. ते म्हातारे नव्हते.

दसऱ्याच्या आधी एका दुपारी त्यांनी मला हाक मारली. काकू गिरणीत गेल्या होत्या. काकांनी पाकिटातून एक्स-रे काढला, दोन्ही हातांनी काठाने धरला, खिडकीकडे तोंड केलं आणि जरासा तिरपा केला. दोन्ही फुप्फुसांवर रांगोळी सांडावी तसे पांढरे ठिपके होते. ते दुसरं काहीतरी म्हणतील म्हणून मी वाट पाहत राहिले.

"हे जाईल," ते म्हणाले.

मग साबणाच्या डबीतून त्यांनी शिवराई काढली. "हे तू ने. दिवाळीच्या आत ने. सन आला की तुझ्या काकूच्या हातात चिंच येती. अडवायला मी हाय तवर ठीक."

"परीक्षा झाली की नेते, काका."

खरं कारण परीक्षा नव्हती. आजारी माणसाकडून पोरीने मोलाची वस्तू काढून नेली, असं ओळीतले लोक म्हणतील याची मला भीती वाटली. काकांनी आग्रह केला नाही. डबीचं झाकण लावायला त्यांना दोनदा प्रयत्न करावा लागला.

काका गेल्याचा फोन आला तेव्हा मी गावी होते. आई-वडिलांचा ऊसतोडीचा ट्रक त्याच दिवशी निघणार होता आणि धाकट्या भावंडांपाशी कुणी नव्हतं. दिवाळीला अजून आठवडा होता.

चौदाव्या दिवशी मी नागापूरला पोहोचले. खोली सारवल्यासारखी स्वच्छ होती. देव्हाऱ्यातले देव लखलखत होते. काकूंनी मला जवळ बसवून घेतलं आणि पदराची गाठ सोडली.

"दवाखान्यात सारखं म्हनत हुते, पोरीला द्यायचं, पोरीला द्यायचं. पार काळंकुट्ट पडलं हुतं गं. काल सुतक फिटलं, देव उजळायला घेतले, तवा हे बी घेतलं. त्यांच्या हातची शेवटची वस्तू, तुला अशी मळकी कशी देऊ?"

शिवराई नव्या पैशासारखी लाल चमकत होती. 'श्री'चा वेलांटीचा भाग पुसट झाला होता.

काकू माझ्या तोंडाकडे पाहत होत्या. इतकी वर्षं त्यांनी आतून ते दोनच निकाल ऐकले होते.

"तुला शिकवलं ना त्यांनी. बघ की. ऱ्हाईल का हे?"

"राहील, काकू."

त्यांना बरं वाटलं. त्यांनी पदराने नाणं आणखी एकदा घट्ट पुसलं आणि माझ्यापुढे केलं. मी ते काठाने धरलं.