ढाळ विचारले, ढाली दाखवल्या

"आजी, कॉलरा आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. कॉलरा म्हणजे आपली पटकी. घाण पाण्यातून होते आणि अंगातलं सगळं पाणी ढाळावाटे काढून नेते. माझ्या हाताला सलाईन, शेजारच्या खाटेवर माझी जाऊ पारू, तिलाही सलाईन.

आमचं गाव करंजाड्याच्या पलीकडे. गावात देवीची जत्रा चालू होती. दुसऱ्या दिवशी महाप्रसाद, हजारो माणसं जेवणार, आणि पाणी जत्रेतल्या त्याच टाकीचं. आम्ही दोघी तेच प्यालो होतो.

"टाकी बंद करा," मी म्हटलं.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "मी कळवलंय. पण गर्दी जमली की आरोग्याचं पथक इंटरनेटवर नजर ठेवतं. जुलाब, लूज मोशन असं लोक फोनला अचानक जास्त विचारायला लागले की साथ ओळखतात. तुमच्या जत्रेतून तसं काहीच दिसत नाही म्हणतात."

माझं डोकंच फिरलं. घरोघरी बाया संडासाकडे पळताहेत आणि म्हणे काही दिसत नाही!

तेवढ्यात पारू कण्हत म्हणाली, "मी इचारला ना फोनला. बोलले, मना ढाल लागलेत, काय करू? त मेल्यानं ढाली-तलवारी दाखवल्या!"

डॉक्टरीणबाई हसल्या. मी नाही हसले. आमच्या गावात 'ळ' कुणाच्या तोंडात येतच नाही. ढाळाचं ढाल होतं.

"बाई, त्यांना म्हणावं ढाल शोधा," मी म्हटलं. "एवढ्या बायका एकदम लढाईला कशाला निघाल्यात, ते बघा."

त्यांचं हसू थांबलं. तिथूनच त्यांनी पथकाला फोन लावला.

संध्याकाळी उत्तर आलं. जत्रा सुरू झाल्यापासून आमच्या भागात ढालींची चौकशी एकाएकी वाढली होती. रातोरात टाकीला टाळं लागलं. महाप्रसाद टँकरच्या पाण्यावर झाला. पथक घरोघरी फिरलं तेव्हा लाजेनं लपून बसलेल्या कितीतरी आजारी बाया सापडल्या. सगळ्या वाचल्या.

जत्रेचा एक पुढारी इस्पितळात येऊन मलाच म्हणतो, "वयनी, गावाची बदनामी केलीत."

"तुझी आई लपलेल्यांतच सापडली ना रे? जिवंत आहे ना? मग जा, तिला पाणी पाज."

तुमच्यावर वेळ आली तर मीठ-साखरेचं पाणी पीत तडक इस्पितळ गाठा. आणि लाजू नका, मोठ्यानं सांगा, तुमच्या तोंडातल्या शब्दात सांगा. त्या डॉक्टरीणबाईंनी ऐकलं, त्यांचे उपकार मी विसरणार नाही.

पारू अजून फोनला तसंच विचारते. सून म्हणते, "काकी, जरा शुद्ध बोला, म्हणजे त्याला कळेल."

मी म्हणते, तिनं का बदलायचं? त्यानं शिकावं.