आपण सगळ्या

काल, १४ मे. कूलरची खस बदलायला घेतली होती. जुनी काढून टाकली, जाळ्या घासल्या, टाकीतला गाळ उपसला. हात ओले होते, म्हणून फोन वाजला तरी पाहिला नाही. पुसून पाहिला तेव्हा प्रतिभाचा मेसेज होता— आणि तो वाचून मी पालथ्या बादलीवर बसले.

का बसले, ते मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, बहिणीलाही नाही. ज्यांना त्यातलं अर्धं ठाऊक आहे, त्यांना उरलेलं अर्धं ठाऊक नाही.

मी रडूबाई नाही. नागपुरात सदरला आमचं चष्म्याचं दुकान आहे. ही फ्रेम नको, ती घ्या, एवढं सांगण्यात माझा दिवस जातो. शाळेतसुद्धा कुणाचं भांडण झालं की मिटवायला मी. दहावीच्या मैत्रिणींचा व्हॉट्सॲप ग्रुप निघाला तेव्हा ॲडमिन मीच होणार, हे ठरवावंही लागलं नाही.

छान चालला होता ग्रुप. नळ का आला नाही, कोणाच्या दारचा रस्ता पुन्हा खोदला, कोथिंबिरीच्या सांबारवडीत खोबरं किती, कोणाची सून किती वाजता उठते. आणि राजकारण— वरणाला फोडणी देता देता आम्ही सरकारं पाडायचो.

अशाच एका निवडणुकीच्या दिवसांत माधुरीनं एक विनोद टाकला. आरक्षणावर. फुकट शिकणारे, फुकट नोकऱ्या मिळवणारे, वगैरे. असे पुष्कळ फिरतात, तुमच्याकडेही आले असतील. खाली हसरे चेहरे पडले. त्यात एक माझाही होता. ग्रुपवर प्रतिभा आहे हे मला माहीत नव्हतं का? तिच्या आजीनं छप्पन साली इथंच, नागपुरात, पांढरं लुगडं नेसून दीक्षा घेतली, हे तिनं शाळेत माझ्या डब्यात जेवताना सांगितलं होतं. माहीत होतं.

प्रतिभानं लिहिलं, "माधुरी, आमची लाइट गेली होती तवा रेणू तुह्याच घरी बसून अभ्यास करून राहिली होती. तू पाहिली वं तिले. मंग हे काहून टाकलं?"

रेणू म्हणजे तिची मुलगी. नवरा गेल्यापासून दोघीच.

कोणीच उत्तर दिलं नाही. मीही नाही. दुसऱ्या दिवशी मला माधुरीचा फोन— "आता हसाचंबी नाही का वं? दर वेळी जपून बोलाचं काय? तू ॲडमिन आहेस, काढ काहीतरी मार्ग."

मी मार्ग काढला.

प्रतिभाला ग्रुपमधून काढलं असतं तर ते सगळ्यांना दिसलं असतं, तिलाही. म्हणून तिला तिथंच ठेवलं आणि बाकीच्यांना घेऊन नवा ग्रुप केला. नाव दिलं 'आपण सगळ्या'. हे नाव देताना मला काही वाटलं नाही— तेही सांगून ठेवते. उलट आवडलं. जुना ग्रुप बंद पडला असं तिला वाटू नये म्हणून तिथं रोज कोणीतरी सुप्रभात टाकायचं, अशा पाळ्या लावल्या. महिनाभरात बाकीच्यांनी पाळ्या सोडल्या, तो ग्रुप म्यूट करून उघडणंही सोडलं. मी सोडली नाही. रोज सकाळी दुकानाचं शटर वर करायच्या आधी तिथं एक फुलाचं चित्र टाकायचं, की झालं.

प्रतिभा मात्र तिथंच नांदत होती. कढीपत्त्याला फुटलेली पालवी, गुडघ्याचं दुखणं, 'आमच्या वार्डात दोघंबी सारखेच, मत कोणाले द्याचं वं?' इतकी कमी उत्तरं का येतात, असं तिच्या मनात येत नसेल? एकदा तिनं लिहिलं, 'सगळ्या बिझी झाल्या वं.' मी त्यावर अंगठा दिला.

इथवरचं पाप वाटून घेता येईल. पुढचं माझं एकटीचं आहे.

गेल्या हिवाळ्यातली संध्याकाळ. जुन्या ग्रुपवर तिचा मेसेज आला— उद्या सकाळी ऑपरेशन आहे, गाठ काढायची आहे. रेणू पुण्याहून दुपारपर्यंत पोहोचेल. सकाळी सहीला कोणीतरी आपलं माणूस पाहिजे म्हणतात. 'येता का कोणी?'

त्याच वेळी 'आपण सगळ्या'वर दुसऱ्या दिवशीच्या रामटेकच्या सहलीचं चाललं होतं. गाडी कोणाची, वांग्याचं भरीत कोण आणणार. मी एकटी दवाखान्यात जाऊ शकले असते. पण मग तिनं विचारलं असतं, बाकीच्या कुठं आहेत? बाकीच्यांना सांगितलं असतं तर? आल्या असत्या. माधुरी तर पहिली आली असती, याची मला खात्री आहे. आणि मग दवाखान्याच्या बाकड्यावर कोणाच्या तरी तोंडून 'अगं, त्या दुसऱ्या ग्रुपवर' असं निघालंच असतं. त्या संध्याकाळी माझ्या डोक्यात एवढंच होतं. तिची गाठ नव्हती. माझा ग्रुप होता.

मी लिहिलं, "काळजी करू नकोस. आम्ही सगळ्या तुझ्यासोबत आहोत." पुढे जोडलेले हात.

आम्ही सगळ्या— बाकी एकीलाही माहीत नव्हतं. सकाळी मी गाडीत पुढच्या सीटवर बसून रामटेकला गेले. भरीत मीच नेलं होतं.

सही कोणी केली? मी अजून विचारलेलं नाही. काही दिवसांनी तिनं लिहिलं, 'घरी आली. गाठ साधी निघाली. तुम्ही सगळ्या होत्या म्हणून.' मला सुटल्यासारखं वाटलं. ती सुटली म्हणून नव्हे— मी.

आणि कालचा मेसेज, त्याच जुन्या ग्रुपवर. रेणूचं लग्न ठरलं. 'उद्या सकाळी दुकानात येते. सगळ्यांच्या पत्रिका तुह्याजवळच देते, तू वाट.'

संध्याकाळभर मार्ग शोधला. तिला नव्या ग्रुपवर घ्यावं, तर तो कधी निघाला आणि कोणी काढला ते तिथंच लिहिलेलं असतं. ग्रुपच पुसून टाकावा, तर बाकीच्या विचारणार, काय झालं? लग्नात सगळ्या भेटणार, प्रतिभा ऑपरेशनचं बोलणार, आणि माधुरी म्हणणार— कोणतं ऑपरेशन? खरं सांगावं, तर कोणाला आधी सांगायचं? दुसऱ्यांची भांडणं मिटवणारी मी, मला एक वाट सापडेना. कूलर लावला. पाणी चालू करायचं विसरले, कोरडाच फिरत होता.

आज सकाळी ती शटर वर जाता जाताच आली. वाळली आहे. स्टुलावर बसली, चष्मा काढून काउंटरवर ठेवला.

"स्क्रू ढिला झाला, कस बरं. अन् चहा नाही पाजत का वं आजकाल? का दुकान डुबलं?"

स्वतःच हसली. मी चहा सांगितला, स्क्रू कसला. तिनं पत्रिका काढून ठेवल्या, वरची माधुरीची होती. जावई काय करतो, हॉल कुठं आहे, उन्हाचं कसं होणार, सगळं सांगून झालं. निघताना पायरीवरून वळली.

"अन् पत्रिकेचा फोटोबी टाक वं. आपल्या त्या ग्रुपवर नको. जिथं सगळ्या आहेत ना, तिथं टाक."

स्क्रू कस म्हणाली होती, त्याच आवाजात. चष्मा लावला आणि ऑटोत बसून गेली.

केव्हापासून? माधुरीनं रामटेकचे फोटो त्याच दिवशी स्टेटसला ठेवले होते— पायऱ्यांवर आम्ही सगळ्या, मधोमध मी. दवाखान्यात पडून ती ते पाहत होती का? मग 'तुम्ही सगळ्या होत्या म्हणून' हे तिनं कोणासाठी लिहिलं? सगळं माहीत असून ती मला रोज कढीपत्ता दाखवत राहिली? मी ऑटोमागे धावले नाही. स्क्रूड्रायव्हर हातात धरून उभी राहिले.

मग पत्रिकेचा फोटो काढला आणि 'आपण सगळ्या'वर टाकला. त्याखाली लिहायला घेतलं— 'एक सांगायचं राहिलं आहे. हिवाळ्यात तिचं'— तिथंच थांबले. पुसलं. तेवढ्यात माधुरीचं आलं, 'अवं, रेणू केवढी झाली! सगळ्या एकसारख्या साड्या घेऊ का वं?'

मी लिहिलं, 'घेऊ.'