तेल पाजलेल्या रेकॉर्डी

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकीने माहेरी जायचं आणि भावाने तिला साडी नेसवायची, ही आमच्या खानदेशातली रीत. गेल्या आखाजीला मी जळगावहून धुळ्याला भावाकडे गेले, वहिनीने साडी पुढे केली आणि मी सरळ सांगितलं, "साडी नको. माळ्यावरची आबांची पेटी द्या."

आबा म्हणजे आमचे वडील. पारोळ्याजवळच्या आमच्या गावात त्यांचा लाउडस्पीकरचा धंदा होता. आसपास कुठेही लग्न असलं की कर्णा आबांचा आणि रेकॉर्डीही आबांच्याच. आबा गेल्यावर त्या रेकॉर्डी एका लोखंडी पेटीत भरून भावाच्या माळ्यावर गेल्या आणि तिथेच राहिल्या. आता हायवेवरच्या कुठल्याशा हॉटेलवाल्याला त्या हव्या होत्या. वाजवायला नव्हे, मधोमध काटे बसवून भिंतीवरची घड्याळं करायला.

"काय करशी तू त्यासनं?" भाऊ म्हणाला. "आबानी तेल लाईसन बठ्ठ्या वाया घाल्यात. आनी मी त्या हॉटेलवाल्याले शबद देयेल शे."

तेल लावून सगळ्या वाया घालवल्या, यातली तेलाची गोष्ट खरी आहे. आबा मूळचे शेतकरी. कुरकुरणाऱ्या प्रत्येक गोष्टीला तेल पाजायचं, हे त्यांच्या हाडात मुरलेलं. गाडीचा कणा करकरला, तेल. कडी वाजली, तेल. मग वैशाखाच्या धुळीत रेकॉर्ड खरखरायला लागली, तर तिलाही तेल! शेंगदाण्याचं, घरच्या डब्यातलं. फडक्याने ते इतक्या प्रेमाने लावायचे की बघणाऱ्याला वाटावं, तान्ह्या बाळाला माखताहेत. त्या दिवसापुरती खरखर खरंच कमी व्हायची. पुढे त्याच तेलावर सगळ्या तालुक्याची धूळ येऊन बसायची.

लग्नात अक्षता पडल्या की आबा सनईची एक रेकॉर्ड लावत. ती त्यांनी जुनीच विकत घेतलेली, आणि घेतली तेव्हापासून एका जागी हमखास अडकायची. आबा मशीनजवळच बसलेले असत. ती जागा आली की बोटाने सुईला हलकेच टिचकी मारून तिला पुढे ढकलत. लोकांना कळतही नसे. पण भावाच्या लग्नात, दोंडाईच्याला, आबा नवरदेवाचा बाप म्हणून बोहल्याशी उभे होते आणि मशीनजवळ कुणीच नव्हतं. अंतरपाट दूर झाला, सनई सुरू झाली आणि अडकली. एकच सूर, पुन्हा पुन्हा. आबा फेटा सावरत मांडवातून धावत सुटले आणि अख्खं वऱ्हाड पोट धरधरून हसलं. वहिनीच्या माहेरचे त्यांना नंतर कितीतरी वर्षं 'अडकेल सनईवाला' म्हणत. भावाला ते फार लागलं. त्याने राग वऱ्हाडावर काढला नाही, आबांवर काढला. आबांनी ती रेकॉर्ड परत कधी लावली नाही आणि वर्षभरात धंदाही सोडला.

आबांना कुणी अडाणी म्हटलं की आजही माझं डोकं फिरतं. पेटी मी घेऊनच निघाले.

जळगावात आमचं चष्म्याचं दुकान आहे. ग्राहकाची मळकी फ्रेम पाण्याने भरलेल्या एका छोट्या मशीनमध्ये सोडायची, बटण दाबायचं. आवाजाच्या लहरींनी पाणी असं काही थरथरतं, की जिथे ब्रश पोचत नाही त्या खाचेतला मळ धुरासारखा बाहेर येतो. हे मी रोज बघते. रेकॉर्डला तरी दुसरं काय असतं? नुसत्या खाचा. सराफ बाजारात दागिने धुवायचं मोठं मशीन जुन्यात मिळालं, ते घरी आणलं. त्यावर दांडी आणि मंद फिरणारी मोटर बसवून घेतली. दांडीत रेकॉर्डी ओवायच्या, खालचा भाग पाण्यात आणि मधला नावाचा कागद कोरडा. नळाच्या पाण्याने पांढरे डाग पडतात, म्हणून बॅटरीवाल्याकडून इन्व्हर्टरमध्ये घालायचं शुद्ध पाणी कॅनने आणलं.

"साठी आणि बुद्धी नाठी," नवरा म्हणाला.

"साठीला अजून वेळ आहे," मी म्हटलं. "तेवढ्यात धुऊन होतील."

पहिली रेकॉर्ड मी वाया घालवली. सराफाच्या मशीनचा हीटर सोन्यासाठी लावलेला असतो, तो बंद करायचा मला सुचलं नाही. रेकॉर्ड बाहेर आली ती उन्हात टाकलेल्या पापडासारखी. भावाला फोनवर सांगितलं तर तो खो खो हसला. म्हणाला, आबांनी तळायच्या ठेवल्या होत्या, त्या तू उकडल्यास. हसू दे. हीटरची वायरच मी काढून टाकली. जळगावच्या मे महिन्यात पाणी तापवायचं काय कारण? उलट टाकीला बाहेरून बर्फाच्या पिशव्या लावाव्या लागल्या.

मग मात्र मळ सुटायला लागला. आधी हाताने साबणाचं पाणी लावून तेल सैल करायचं, मग टाकी, मग स्वच्छ पाणी, शेवटी ताटाळ्यात उभ्या करून पंख्याखाली वाळवायच्या. टाकीतलं पाणी चहासारखं काळपट व्हायचं आणि खवट शेंगदाण्याचा वास स्वयंपाकघरभर पसरायचा. तो आबांच्या सदऱ्याचा वास होता. नवरा नाक दाबून गच्चीत गेला. मी तिथेच ओट्याला टेकून पोटभर रडले आणि पाणी बदललं.

काही रेकॉर्डी खरोखरच गेलेल्या होत्या, ते मी नाकारत नाही. सनईची मी सगळ्यात शेवटी घेतली. अडकायच्या जागी तेलामातीचा एक खडा घट्ट बसला होता. तीन वेळा टाकीत घातली, तेव्हा कुठे तो सुटला. पण वाजवून पाहिली नाही. जिला वाया गेलेली म्हणत होता, ती भावाने स्वतःच्या कानाने ऐकायला हवी होती.

जूनमध्ये तो पेटी न्यायला आला. हॉटेलवाल्याचा फोन येऊन गेला होता.

"बस," मी म्हटलं.

"बसाले टाइम नही. दे ती पेटी."

मी या रेकॉर्डींसाठी घेतलेल्या नव्या प्लेअरवर सनई लावली. पहिल्या सुरालाच त्याने ती ओळखली आणि तो उंबऱ्यातच उभा राहिला. खरखर थोडी होती, पण सनई मोकळी वाजत होती. ती जागा जवळ आली.

"आठेच अटकस," तो पुटपुटला, आणि त्याचा हात आपोआप वर आला. बोट टिचकीसाठी वाकलेलं, अगदी आबांसारखं.

सनई अडकली नाही. त्या जागेवरून ती वर चढली, एक लांब तान घेऊन सावकाश खाली आली. ती तान आम्ही दोघांनी पहिल्यांदाच ऐकली. दर लग्नात आबांच्या टिचकीने सुई तिच्यावरूनच उडी मारून जायची.

भावाचं बोट तसंच हवेत राहिलं.

"आबानी हाई कधी आयकंच नही," तो म्हणाला.

"नाही," मी म्हटलं. "ने आता. कर घड्याळं."

तो चपला काढून आत आला. प्लेअरजवळ जमिनीवर बसला, सुई उचलली आणि पुन्हा पहिल्यापासून लावली.