उतरली की पडली

आमच्या ह्यांना गाडी चालवताना बोलायची लई सवय. तुळजापूरहून तामलवाडीला लग्नाला निघालो होतो. मी मागं एका अंगानं बसलेली, मांडीवर आहेराचं पातेलं. हे माझ्या भावाच्या चुका सांगत होते, आणि तो विषय लवकर संपणारा नव्हता. तेवढ्यात गतिरोधक आला. गाडी उडाली. मी पातेल्यासकट रस्त्यावर राहिले आणि भावाच्या चुका पुढं गेल्या.

मांडवापाशी गाडी थांबवून हे म्हणाले, "उतर." कुणी उतरेना. "आता रुसलीस व्हय?" म्हणत मागं वळले, तेव्हा कुठं कळलं.

गाडी वळवून परत आले, तोवर रस्त्याकडेला माझ्याभोवती माणसं जमली होती. पाय माझेच होते, पण हाक दिली तर ओ देईनात. सोलापुरात ऑपरेशन झालं. मणका मोडून आतला मज्जारज्जू दबला होता. तिथून मला पुनर्वसन केंद्रात हलवलं.

केंद्रात एक तरुण डॉक्टरीणबाई होत्या. कोण कशानं जायबंदी झालं, याचा त्या अभ्यास करत होत्या. माझ्या खाटेपाशी आल्या, तर उत्तरं द्यायला हेच पुढं.

"वाहन अपघात का?"

"न्हाय मॅडम. गाडीला साधं खरचटलं न्हाय."

"मग या पडल्या कशा?"

"मला वाटलं, उतरली."

"चालत्या गाडीवरून?"

"स्वभाव तसा हाय तिचा."

मला हसू आवरेना, आणि हसलं की टाके ओढायचे.

शेजारच्या खाटेवर सोनारी गावच्या आजी होत्या. घराच्या माळवदावर, मातीच्या सपाट छतावर, मिरच्या वाळत घातल्या होत्या, तिथं वानर आलं. आजी काठी घेऊन त्याच्यामागं धावल्या. माळवद संपलं हे वानराला कळलं, आजींना न्हाय.

"म्हणजे उंचावरून पडणं," बाई म्हणाल्या.

"पडणं न्हाय. वानर लिव्हा."

"आजी, वानराचा रकाना नाही आमच्याकडं."

"म्हंजी त्यानं मोकळंच फिरायचं?"

बाई हसल्या, पण मग स्टूल ओढून बसल्या. म्हणाल्या, "इथं कुणी माळवदावरून पडलंय, कुणी चिंचेवरून, कुणी विहिरीत, कुणी गाडीवरून. बहुतेक सगळी आपापल्या घराजवळच. कारण नीट कळलं, तर पुढचा माणूस वाचवता येतो. तुमच्या माळवदाला कठडा असता, तर आज तुम्ही घरी असता."

आजींनी अंगावरची चादर सारखी केली. त्यांचे पाय परत चालणार नव्हते, हे त्यांना तोवर सांगून झालं होतं. मग म्हणाल्या, "कठडा असता तर वानरपण घावलं असतं."

एके सकाळी दोन दांड्यांना धरून मला उभं केलं. तळव्याला फरशी गार लागली. गार लागली, हेच मला रडवायला पुरलं. समोर हे उभे, आणि जन्मात पहिल्यांदा त्यांना बोलायला काही सुचेना. चाकाच्या खुर्चीतून आजी ओरडल्या, "अवो पावणं, आता तरी तिच्याकडं बघून बोला!"

घरी आले ती वॉकर घेऊन. माझं शिलाई मशीन पायानं चालवणं जमेना, म्हणून ह्यांनी त्याला मोटर बसवली. त्याच्यावर पहिला ब्लाउज शिवला तो जाऊबाईंचा. एक बाही लांब झाली. त्यांनी तो घालून आरशात पाहिलं, लांब बाही मुकाट्यानं आत दुमडली आणि नागपंचमीला तोच ठेवणीतल्या साडीवर घालून वारुळाला गेल्या.