कळसूबाईची ओटी आणि आमची डोली

दुकानातला माल विकला की जागा मोकळी होते. किश्शांचं तसं नाही. एक सांगायला घ्यावा तर त्याच्या मागून दुसरा डोकं वर काढतो. आमच्या डोंगरवाल्या कंपूचे इतके साचलेत, की गिऱ्हाईक नारळ घ्यायला येतं आणि चहा पिऊन नारळ विसरून जातं.

कंपू म्हणजे आम्ही तिघं. मी, तुर्भ्याचा नारळाचा व्यापारी. बँकेतले देशमुख, मूळचे नगर जिल्ह्यातले. आणि म्हात्रे, खाडीकाठच्या गावातला, स्वतःचा टेम्पो चालवणारा.

ऐंशी सालानंतरची गोष्ट. देशमुखांना वाशीत फ्लॅट लागला. चौथा मजला, लिफ्ट नाही. त्यांच्या आईंनी नवस बोलला होता, पोराचं स्वतःचं घर झालं की कळसूबाईची ओटी भरीन. कळसूबाई म्हणजे महाराष्ट्रातला सगळ्यात उंच डोंगर, आणि आईंच्या माहेरचा. पण घर झालं आणि आईंचे गुडघे गेले. जिना उतरायच्या त्या फक्त सणासुदीला.

"नवस फिटल्याशिवाय या घरात मला झोप नाही," असं त्या रोज म्हणायच्या. मग काय, ओटी घेऊन आम्हीच निघालो.

*

पहिल्या खेपेला नारळ मी निवडला. कानाशी हलवून, टिचकी मारून, देवीला शोभेल असा.

अर्धा डोंगर चढल्यावर भूक लागली. म्हात्रेनं डबा काढला तो ओटीच्याच पिशवीतून. डब्यात सुकट! खण, तांदूळ, नारळ, सगळ्याला तोच वास.

देशमुख मटकन खाली बसले. "म्हात्रे, देवीच्या ओटीत सुकट?"

"आमच्या देवीला चालतं," म्हात्रे शांतपणे म्हणाला. "तुमच्या देवीला इचारून तर बघा."

विचारायची हिंमत कोणाची? तिथूनच मागे फिरलो. सुकट मात्र संपवली. देशमुखांनी दोनदा घेतली.

*

दुसऱ्या खेपेला म्हात्रेची झडती घेऊन निघालो. साखळ्या धरत, धापा टाकत माथ्यावर पोचलो. देशमुखांनी हात जोडून पिशवी उघडली.

देवळापाशी गावातली एक म्हातारी बसली होती. तिनं आमच्या मागं वाकून पाहिलं.

"बाई कुठंय?"

"कुठली बाई?"

"ओटी कोन भरनार? तुमी बापे?"

एवढा डोंगर चढलो, पण ओटी बाईनं भरायची असते हे एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं. देशमुख म्हणाले, "मावशी, मग तुम्हीच भरा."

"जिनं नवस बोलला तिनंच भराया पायजे," म्हातारी म्हणाली आणि विषय संपला.

उतरताना देशमुख रडकुंडीला आले. "आता आईला काय सांगू?"

"सांगा, देवी घरी नव्हती," म्हात्रे म्हणाला.

*

तिसऱ्या खेपेला आईंनाच न्यायचं ठरलं. मी दुकानातली खुर्ची दोन बांबूंना काथ्यानं आवळून बांधली आणि डोली तयार केली. पायथ्याच्या गावातली चार माणसं उचलायला घेतली.

आईंनी डोलीकडे पाहिलं. "माहेरच्या डोंगरावर मी खुर्चीत बसून जाऊ? लोक काय म्हणतील?"

आणि निघाल्या की चालत! चार पावलं टाकायच्या, बसायच्या, पुन्हा उठायच्या. मागून रिकामी डोली. साखळीच्या टप्प्याशी डोली थांबली, आई नाही थांबल्या. देशमुख खालून पाय धरून देत होते, मी वरून हात. माथ्यावर त्यांनी ओटी भरली, डोकं टेकवलं, आणि बराच वेळ उचललंच नाही. देशमुख उगाच चष्मा पुसत राहिले.

उतरताना, साखळ्या संपल्यावर, म्हात्रेचा पाय मुरगळला. चांगला टम्म सुजला. मग काय, पायथ्यापर्यंत डोलीत म्हात्रे, आणि बाजूनं आई चालताहेत, "नीट बस रे, हलू नकोस" म्हणत. वाशीपर्यंत टेम्पो मी चालवला. म्हात्रे मागे हौद्यात, त्याच खुर्चीत.

सोसायटीपाशी उतरलो. आई जिन्याच्या पहिल्या पायरीशी थांबल्या. मान वर करून चौथा मजला पाहिला. मग टेम्पोकडे वळल्या.

"म्हात्रे, उठ आता. माझी पाळी."