एका नंबरावर एकच नाव

बाळांनो, तुमच्या मीनाआत्याच्या बाळंतपणात काय घडलं ते फोनवर मी कधी नीट सांगितलं नाही. त्या दुपारी जालन्याच्या दवाखान्यात बाळ सुखरूप झालं, पण आत्याचा रक्तस्राव थांबेना. तिचं रक्त ओ निगेटिव्ह. रक्तपेढीत एकच पिशवी होती, तीही लावून झाली होती. जावई दुसऱ्या रक्तपेढ्यांकडे धावले. डॉक्टर मला म्हणाले, "रक्तदाता मिळतो का बघा. वेळ कमी आहे."

मला वाटलं, हे तर माझंच काम. निवृत्तीनंतर मी आणि माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीने जिल्ह्यातल्या रक्तदात्यांची वेबसाइट उभी केली होती. संगणकाचं सगळं तिने पाहिलं, नियम मात्र माझे. त्या दिवशी पडद्यावर ओ निगेटिव्हची तीनच नावं आली. एकाने गेल्याच महिन्यात रक्त दिलं होतं, दुसरा पुण्याला होता आणि तिसरा फोन उचलेना. देवावर माझी श्रद्धा होती, पण चतुर्थीच्या उपवासापुरती. खरा भरवसा याद्यांवर.

तिसरा नंबर सहाव्यांदा लावून झाला, तेव्हा मी डोळे मिटले. राजूरच्या गणपतीला मनातच म्हटलं, आता माझ्याच्याने होत नाही, तू बघ. मग सगळ्या गटांची यादी उघडली आणि आयुष्यात पहिल्यांदा क्रम सोडून, बोट पडेल तो नंबर लावला. आष्टीचे एक शेतकरी, रक्तगट बी पॉझिटिव्ह. मी फोन ठेवणार, तेवढ्यात बाईचा आवाज आला.

"मालक रानात गेलेत. आज फोन मी आणलाय. जालन्याच्या स्टँडवर हाय, आष्टीची गाडी लागली. जल्दी बोला."

मी कोण आणि काय हवंय, ते कसंबसं सांगितलं.

"ओ निगेटिव्ह तर माझंच हाय! बाळंतपणात निगेटिव्हचं इंजेक्शन घ्यावं लागलं व्हतं, इसरंन कशी? नावं लिहायच्या शिबिरात रांगेत उभी राहून तुम्हालाच सांगितलं व्हतं नं, बाई? तुम्ही म्हणल्या, ह्या नंबरावर मालकाचं नाव हाय, दुसरा नंबर आणा. दुसरा कुठून आणू? घरात फोनच एक!"

एका नंबरावर एकच नाव, हा नियम माझाच होता.

"आता तुमच्या मशिनीला चालंल का मंग?" ती म्हणाली, आणि लगेच कुणाला तरी ओरडली, "ओ कंडक्टर भाऊ, मी न्हाई येत, जाऊ द्या गाडी!"

ती रिक्षाने आली. तिचं हिमोग्लोबिन भरेल का, रक्त जुळेल का, तपासण्या वेळेत होतील का, या विचारांत मला एक स्तोत्र धड आठवेना. अखेर पिशवी आत गेली. दिवेलागणीला डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले, "थांबलाय रक्तस्राव." मी बाकावर चहा पीत बसलेल्या त्या बाईच्या पाया पडायला वाकले, तर तिने माझे हात धरले. "काय करता बाई, मोठ्या तुम्ही." तेव्हा कुठे मी तिला नाव विचारलं. कांताबाई.

तो नियम मी त्याच आठवड्यात काढून टाकला. याला चमत्कार म्हणावं की नाही, मला ठाऊक नाही. तुम्ही तिकडे आपली कामं नीटच करा. पण हात टेकायची वेळ आली तर लाजू नका. मी हात टेकले, आणि जिला मी रांगेतून परत पाठवलं होतं, तिच्याच हातून देवाने माझी लेक मला दिली.